कुशीलवांची दुसरी वाट : ‘डिस्को दीवाने’ या ध्वनिमुद्रिकेचा भाषिक विचार

१

गाणाऱ्या किशोरवयीन जोडीची आपल्या वाङ्मयातील सर्वांत जुनी प्रतिमा कुश आणि लव यांची होय. वाल्मीकींनी रचिलेले काव्य या दोघांनी मुखोद्गत केले, आणि ज्याचे ते चरित्र, त्या रामासमोरच ते गाऊन दाखविले. गीतरामायणाचा (१९५५-५६) आरंभही याच प्रसंगाने होतो. संस्कृतात ‘कुशीलव’ हा शब्द गायक, नट, भाट अशा अर्थाने रूढ आहे. त्याचा या दोन नावांशी व्युत्पत्तिदृष्ट्या कसा संबंध लावावयाचा, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. प्रस्तुत लेखाला त्या प्रतिमेतील एकच गोष्ट हवी आहे. कंठ कुमारांचा आहे. शब्द मात्र वयोवृद्ध ऋषीचे आहेत. कुमारांचे कौतुक होते ते पाठांतराचे, सुरेलपणाचे आणि विनयाचे. त्यांना स्वतःला काही म्हणावयाचे आहे काय, हा प्रश्न त्या सभेत कोणाच्याही मनात येत नाही.

किशोरवयीन गायकांविषयीची आपली अभिरुची आजही बहुतांशी या सभेतलीच आहे. तिच्या मर्यादा ध्यानात याव्यात म्हणून एका निराळ्या उदाहरणाचा विचार येथे करावयाचा आहे. हे उदाहरण मराठी नाही. नाझिया हसन आणि झोहेब हसन या कराचीत जन्मलेल्या व लंडनमध्ये वाढलेल्या बहीणभावांची ‘डिस्को दीवाने’ ही १९८१ साली प्रसिद्ध झालेली पहिली ध्वनिमुद्रिका, हे ते उदाहरण होय. विद्यापीठीय पत्रिकेत अशा विषयाला स्थान असावे काय, अशी शंका काही वाचकांना येईल. तिचे उत्तर असे की, भाषाशास्त्राचा अभ्यासक उक्तीची प्रतिष्ठा पाहत नाही, ती कोण, कोणाला उद्देशून, कशा रीतीने उच्चारतो हे पाहतो. बोली आणि प्रमाणभाषा यांत मुळात उच्चनीचभाव नाही, हे तत्त्व आपण वर्गात शिकवितो. ते गीतप्रकारांनाही लावावयास हरकत नसावी.

२

प्रथम या ध्वनिमुद्रिकेची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १९८० साली फिरोज खान यांचा ‘कुर्बानी’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे संगीत मुख्यतः कल्याणजी-आनंदजी यांचे. परंतु ‘आप जैसा कोई’ हे एक गाणे लंडनस्थित संगीतकार बिद्दू यांनी केले आणि ते नाझिया यांच्याकडून गाऊन घेतले. पडद्यावर ते झीनत अमान यांच्या तोंडी होते. या गाण्यासाठी नाझिया यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्यांचा जन्म १९६५ मधील. म्हणजे गाणे लोकप्रिय झाले तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. तत्पूर्वी सोहेल राणा यांच्या पाकिस्तान दूरचित्रवाणीवरील मुलांच्या कार्यक्रमात या भावंडांनी गाइले होते. मुलांच्या कार्यक्रमातील गायन आणि चित्रपटातील प्रौढ नायिकेसाठी केलेले गायन, या दोन टोकांच्या मध्ये किशोरवयाचे स्वतःचे असे गाणे नव्हते. ‘डिस्को दीवाने’ने ती मधली जागा भरून काढली.

बिद्दू हे मूळचे बंगलोरचे. इंग्लंडमध्ये जाऊन त्यांनी कार्ल डग्लस यांचे ‘कुंग फू फायटिंग’ (१९७४) हे जगभर गाजलेले गाणे निर्माण केले होते. म्हणजे या ध्वनिमुद्रिकेमागे बंगलोर, कराची आणि लंडन ही तीन शहरे होती. भारतात ती ग्रामोफोन कंपनीने आपल्या हिज मास्टर्स व्हॉइस या नाममुद्रेने प्रसिद्ध केली. चित्रपटाचा आधार नसताना नव्या, कोवळ्या वयाच्या गायकांची हिंदुस्थानी भाषेतील नृत्यगीते इतकी लोकप्रिय व्हावीत, ही त्या वेळी अपवादात्मक घटना होती. आपल्याकडे चित्रपटगीत हे पात्राच्या तोंडी असते. त्याचा वक्ता कथेतील असतो. येथे कथा नाही, पात्र नाही. ‘मी’ म्हणणारा कोण, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच उघडा पडला, आणि त्याचे उत्तर गाणाऱ्यांच्या वयात शोधावे लागले. भाषिक दृष्ट्या या ध्वनिमुद्रिकेचे महत्त्व येथून सुरू होते.

३

गीतांच्या शीर्षकांवरूनच पुष्कळ गोष्टी दिसून येतात. हिंदी-उर्दूत संबोधनाच्या तू, तुम आणि आप अशा तीन पायऱ्या आहेत. १९८० च्या चित्रपटगीताचे शीर्षक ‘आप’ने सुरू होते, प्रौढ स्त्रीने सभ्य अंतर राखून बोलावे तशी ती भाषा आहे. ध्वनिमुद्रिकेतील एका गीताचे शीर्षक आहे ‘आओ ना’. हे ‘तुम’चे रूप. समवयस्काला, वर्गातल्या सोबत्याला आपण ज्या पायरीवरून हाक मारतो ती ही पायरी. त्याला जोडलेला ‘ना’ हा निपात मराठीतही तसाच आहे. ‘ये’ आणि ‘ये ना’ यांतील अंतर प्रत्येक मराठी भाषकाला ठाऊक आहे. पहिले आज्ञार्थी रूप हुकुमाचे आहे, दुसऱ्यात लाडीगोडी आहे, आणि नकाराची शक्यता गृहीत धरलेली आहे. एका वर्षाच्या अंतराने त्याच गायिकेच्या मुखी ‘आप’च्या जागी ‘आओ ना’ आले, या बदलात तिचे स्वतःचे वय प्रथम तिच्या भाषेत उतरले, असे म्हणता येईल.

‘लेकिन मेरा दिल’ हे दुसरे शीर्षक पाहण्यासारखे आहे. ते उभयान्वयी अव्ययाने सुरू होते. ‘परंतु’ या शब्दापूर्वी काहीतरी बोलले गेलेले असते. ते आपणांस दिलेले नाही. कोणीतरी समजूत घातली आहे, कारणे सांगितली आहेत, आणि त्यावर हे अर्धे उत्तर आहे. वडीलधाऱ्यांशी बोलताना किशोरवयाची अर्धी वाक्ये ‘पण’नेच सुरू होतात, हे घरोघरच्या अनुभवाचे आहे. गीतकाराने हे जाणूनबुजून केले असे माझे म्हणणे नाही. परंतु भाषेतील योग्य निवड पुष्कळदा अजाणताच घडते.

शब्दसंग्रह अतिशय लहान आहे. दिल, लेकिन, दीवाने, कदम अशा नित्याच्या बोलण्यातील फारसी-अरबी शब्दांमध्ये ‘कोमल’ हा एक तत्सम शब्द एका गीताचे शीर्षक होऊन येतो आणि त्यामुळे ठळकपणे उठून दिसतो. उर्दू गझलेतील अलंकारसंपत्ती येथे नाही, शमा-परवाने यांचे संकेत नाहीत, इजाफतीचे समास नाहीत. टीकाकार याला दारिद्र्य म्हणतील, आणि वाङ्मयीन निकषांनी ते दारिद्र्य आहेच. परंतु दुसऱ्या बाजूने पाहता, सोळा वर्षांची मुलगी ज्या शब्दांची उसनवारी न करता बोलू शकेल असेच शब्द येथे आले आहेत. गझल गाणाऱ्या मुलीला अनुभव उसना घ्यावा लागतो. येथे तो घ्यावा लागत नाही. उक्ती आणि वक्ता यांचा मेळ हा जर एक निकष मानला, तर या निकषावर ही साधी गीते अनेक अलंकृत गीतांपेक्षा वरच्या जागी बसतात.

आता शीर्षकगीत. ‘डिस्को’ हा फ्रेंच ‘दिस्कोतेक’ या शब्दाचा इंग्रजीमार्गे आलेला संक्षेप, आणि ‘दीवाना’ हा फारसी शब्द, या दोहोंचा येथे समास झाला आहे. त्याची घडण फारसी नाही. ‘क्रिकेटवेडे’, ‘नाटकवेडे’ या आपल्या समासांसारखी ती आहे. ‘दीवाना’ शब्दाच्या मुळाशी ‘देव’ म्हणजे फारसीतील राक्षस, पिशाच हा शब्द आहे. ज्याला पिशाचाने धरले तो दीवाना. मराठीत ‘झपाटलेला’ या शब्दाने अगदी हाच प्रवास केला आहे. भुताने झपाटलेला, मग कल्पनेने, छंदाने, प्रेमाने झपाटलेला. पिशाच गेले, उत्कटता उरली. यौवनातील आसक्तीला शब्द देताना दोन्ही भाषा अंगात येण्याच्या कल्पनेकडेच वळतात, आणि नृत्यगीताला हे रूपक विशेष साजते. कारण अंगात येणे आणि नाचणे यांचा संबंध आपल्याकडे कोणाला समजावून सांगावयास नको.

ध्वनींच्या अंगाने पाहता, ‘आओ ना’ या शीर्षकात तीनही अक्षरे दीर्घ आणि स्वरान्त आहेत. ‘दीवाने’मध्येही तीच स्थिती आहे. नृत्यसंगीताचा ठोका समान अंतराने पडत राहतो. तो शब्दातील लघुगुरूंची वाट पाहत नाही. अशा ठोक्यावर शब्द टिकवावयाचा तर त्याची अक्षरे ताणता येण्याजोगी हवीत, व्यंजनात अडकणारी नकोत. चाल आधी आणि शब्द नंतर, हा क्रम अशा संगीतात स्वाभाविक आहे. ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी शीर्षकगीत केवळ वाद्यांवरही दिलेले आहे. शब्द काढून घेतले तरी गाणे ओळखू येते, हे त्यातून निर्मात्यानेच कबूल केले आहे!

४

या जोडीचे खरे वैशिष्ट्य ते दोघे बहीणभाऊ आहेत, हे होय. हिंदी आणि मराठी चित्रपटांतील युगुलगीत हे प्रायः प्रियकर-प्रेयसींचे असते. ‘मी’ आणि ‘तू’ हे दोघेही गीताच्या आत असतात. श्रोता बाहेर उभा राहून ऐकतो. बहीणभावांना ही सोय नाही. त्यांना परस्परांचे ‘मी’ आणि ‘तू’ होता येत नाही. तेव्हा गीतातील ‘तू’ला बाहेर जावे लागते. तो श्रोता होतो, किंवा श्रोत्यांचा समुदाय होतो. दोन गायक एका बाजूला आणि ऐकणारे दुसऱ्या बाजूला, अशी रचना आपोआप सिद्ध होते. पॉप संगीताचा श्रोत्याशी असणारा थेट संबंध म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो येथे केवळ बाजाराच्या युक्तीतून आलेला नाही. नात्याच्या मर्यादेतूनही आलेला आहे.

व्याकरणाने या रचनेला कितपत साथ दिली, हे पाहणे उद्बोधक आहे. हिंदी-उर्दूत मुलगा व मुलगी मिळून अनेकवचन होते तेव्हा विशेषण पुल्लिंगी राहते. ‘दीवाने’ या रूपात भाऊ ठळक आहे, बहीण त्यात सामावून गेली आहे. प्रत्यक्षात या ध्वनिमुद्रिकेची ओळख बहिणीच्या आवाजाने आहे. व्याकरणात मात्र ती अदृश्य होते. मराठीची व्यवस्था निराळी आहे. राम आणि सीता वनात ‘गेली’, नवराबायको घरी ‘आली’, असे आपण म्हणतो. स्त्री व पुरुष एकत्र आले की मराठी नपुंसकलिंगाकडे वळते. ‘आम्ही दोघे वेडी आहोत’ असे बहीणभाऊ म्हणतील, तेव्हा त्यांत भाऊही लपत नाही आणि बहीणही लपत नाही. ‘भावंड’ हा शब्दही नपुंसकलिंगी आहे. एका सामान्य शब्दात बहीण व भाऊ या दोहोंना समान स्थान देण्याची सोय मराठीने करून ठेविली आहे.

दुसरा मुद्दा सर्वनामाचा. हिंदीतील ‘हम’मध्ये श्रोता समाविष्ट आहे की नाही, हे संदर्भाने ठरवावे लागते. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटले की ऐकणारा आत. हा भेद द्राविडी भाषांतही आहे, आणि त्यांच्या सान्निध्यामुळे तो मराठीत दृढ झाला असावा, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. सामुदायिक नृत्यगीताला हा भेद किती उपयोगाचा आहे! पहिल्या कडव्यात ‘आम्ही’, ध्रुवपदात ‘आपण’, एवढ्या एका बदलाने श्रोत्याला बाहेरून आत आणता येईल. बहीणभावांच्या पॉप गीताला ज्या दोन गोष्टी व्याकरणाकडून हव्या आहेत, त्या दोन्ही मराठीत आहेत. आणि असे गीत मात्र मराठीत जवळजवळ नाही. ही विसंगती केवळ योगायोगाची मानता येणार नाही.

५

येथवर या ध्वनिमुद्रिकेच्या गुणांचा विचार झाला. तिचा मोठा दोष आता सांगितला पाहिजे. वयाशी मेळ साधताना तिने स्थळ गमाविले आहे.

या गीतांत कराची नाही, लंडन नाही, घर नाही, रस्ता नाही, ऋतू नाही, शाळा नाही. ‘कोठे?’ या प्रश्नाला उत्तरच मिळत नाही. डिस्को हे स्थळाचे नाव असूनही ते कोणत्याही गावातले नाही. नातेही नाही, आई, मामा, शेजारी यांपैकी कोणी या जगात वावरत नाही. लंडनमध्ये वाढणाऱ्या पाकिस्तानी मुलांच्या जीवनात या सर्व गोष्टी होत्या, आणि त्यांत ताणही असणार. पण तो ताण भाषेत उतरलेला नाही. शब्द सोपे झाले ते वयाला शोभण्यासाठी, आणि त्याच वेळी ते पुसट झाले ते सर्वत्र खपण्यासाठी. पहिली गोष्ट मी गुण मानतो. दुसरी दोष मानतो. आणि या दोन्ही गोष्टी एकाच क्रियेतून घडल्या आहेत, हे मान्य करणे भाग आहे.

पुसटपणाचा एक लाभ झाला, तोही नमूद केला पाहिजे. ही गीते जुनी झाली नाहीत, कारण त्यांना काळाचीही खूण नव्हती. २०१२ साली ‘स्टुडंट ऑफ द इयर’ या चित्रपटात शीर्षकगीताचे नवे रूप आले, त्यात नाझिया यांचा मूळ आवाज वापरण्यात आला. त्यांचे निधन २००० साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी झाले होते. पदव्युत्तर वर्गात शैलीविचार शिकविताना हे गाणे ऐकविले असता, तो आवाज आजच्या एखाद्या नव्या गायिकेचा असावा असे बहुतेक विद्यार्थ्यांना वाटले. ज्या उक्तीत स्थळ नाही तिला काळही नसतो, असा एक नियम यातून सुचतो. परंतु एका उदाहरणावरून नियम बांधणे योग्य नव्हे.

६

आता मराठीकडे वळू. २००८-०९ मध्ये झी मराठी वाहिनीवर ‘सा रे ग म प’ या स्पर्धेचे लहान मुलांसाठीचे पर्व झाले. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत हे पाच गायक घराघरांत पोचले. कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. रोहित राऊत हा लातूरचा, त्यामुळे मराठवाड्यात त्याचे विशेष अगत्य होते. या मुलांच्या गुणवत्तेविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्यांनी गाइले काय? अभंग, नाट्यपदे, भावगीते, लावण्या, जुनी चित्रपटगीते. म्हणजे थोरांनी थोरांसाठी रचिलेले शब्द. विरहिणीची व्याकुळता किंवा भक्ताचे वैराग्य दहा-बारा वर्षांच्या कंठातून अचूक उमटले की सभा धन्य होत असे. ही कुश-लवांचीच सभा. परीक्षकांच्या आसनावर अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. कारण ‘ऐका दाजिबा’च्या रूपाने मराठी पॉप गीताला व्यापक लोकप्रियता मिळवून देणारी जोडी हीच. मराठी पॉपचे प्रवर्तक समोर बसले असताना, मुले मात्र आजोबांच्या आवडीचे गात होती. दोष परीक्षकांचा नव्हे आणि मुलांचाही नव्हे. मुलांनी स्वतःच्या वयाचे गावे तर असे गाणे भाषेत उपलब्ध असावयास हवे.

याच्या नेमके उलट उदाहरण २०१६ च्या ‘सैराट’चे आहे. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाला अजय-अतुल या बंधूंचे संगीत आहे. येथे शब्द किशोरवयाचे आहेत, आणि त्यांना स्थळही आहे. ‘याड लागलं’ या शीर्षकातील ‘याड’ म्हणजे ‘वेड’. प्रमाण मराठीतील ‘वेळ’ जसा ग्रामीण बोलींत ‘याळ’ होतो, त्याच ध्वनिप्रवृत्तीने ‘वेड’चे ‘याड’ झाले आहे. या एका स्वराने करमाळ्याचा परिसर, शेत, विहीर, शाळेची वाट, सर्व गीतात येते. ‘दीवाने’ आणि ‘याड’ यांचा अर्थ एकच. परंतु पहिला शब्द कोणत्याही गावचा नाही आणि दुसऱ्याला गाव आहे. ‘झिंगाट’ हा शब्द तर मूर्धन्य स्पर्शव्यंजनावर आपटून थांबतो. तो स्वर ताणत नाही, ठोका देतो. दीर्घ स्वरान्त शब्दांवाचून नृत्यगीत होत नाही, हा समज त्याने खोटा ठरविला. मात्र ‘याड लागलं’ हे गीत ऐकताना कानावर पडतो तो अजय गोगावले यांचा परिपक्व, भरदार आवाज. पडद्यावर पौगंडावस्थेतील मुले, कंठ प्रौढाचा.

तेव्हा मराठीत आज दोन प्रकार दिसतात. एकात कंठ किशोरवयाचा आणि शब्द प्रौढांचे. दुसऱ्यात शब्द किशोरवयाचे आणि कंठ प्रौढाचा. ‘डिस्को दीवाने’त कंठ आणि शब्द यांचा मेळ आहे, परंतु स्थळ नाही. वय, वाणी आणि स्थळ ही तीनही एकत्र आलेली पॉप गीतांची ध्वनिमुद्रिका माझ्या ऐकण्यात नाही.

येथे कोणी भुलाबाईच्या गाण्यांचा दाखला देतील. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या प्रदेशात मुली ती स्वतः, घोळक्याने, अंगणात गातात. त्यांत वय, वाणी व स्थळ एकत्र नाहीत काय? आक्षेप योग्य आहे. पण त्या गाण्यांचा विषय सासर-माहेर आहे. ज्या काळी दहाव्या-बाराव्या वर्षी मुलीचे लग्न होत असे त्या काळी ती गाणी वयाशी जुळणारी होती. आज त्या वयाची मुलगी सातवीत असते. तिच्या मुखी सासूची गाऱ्हाणी आली की तीही कुशीलवांच्याच पंक्तीला बसते. परंपरा तीच राहिली, वय तिच्यातून निघून गेले.

७

हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यातील अध्यापकाला केवळ तात्त्विक राहत नाही. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली होता. कारभाराची भाषा उर्दू होती, आणि दखनी आजही बाजारात व शेजारात ऐकू येते. त्यामुळे ‘दीवाने’, ‘लेकिन’ हे शब्द येथे परके कधीच वाटले नाहीत. बंजारा तांड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांची घरची भाषा निराळीच असते. आणि मराठीतही एकवाक्यता नाही. नांदेड-परभणीकडचा विद्यार्थी ‘काय करायलास?’ असे विचारतो, तर वाशीम-यवतमाळच्या सीमेकडचा ‘काय करून राह्यला?’ असे म्हणतो. अपूर्ण क्रियेची ही दोन रूपे एकाच वर्गात, एकाच बाकावर भेटतात. या मुलांजवळ भाषेचे द्रव्य उदंड आहे. निबंधात ते खोडले जाते, हे एक वेळ समजू शकते. पण गाण्यातही ते येत नाही.

वर सांगितलेल्या वर्गात गाणे ऐकून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आम्हाला जे म्हणायचं असतं ते गाण्यात येतं तेव्हा हिंदीतच का येतं? आमच्या बोलीत म्हटलं की लोक हसतात.” हा प्रश्न पुष्कळ दिवस मनात राहिला. विनोदी कार्यक्रमांत आमची बोली येते, चित्रपटातील गड्याच्या तोंडी येते. सोळा वर्षांच्या मुलीच्या गंभीर उक्तीत ती आली की हास्यास्पद ठरते. नाझिया हसन यांना लंडनमध्ये राहून आपल्या भाषेत आपल्या वयाचे गाता आले, त्या भाषेतून स्थळ वजा झाले होते तरीही. आमच्या विद्यार्थिनीला स्थळ वजा करावयाचे नाही, म्हणून तिला गाता येत नाही. हा अन्याय आहे, आणि त्याचे मूळ संगीतात नसून भाषेविषयीच्या आमच्या वृत्तीत आहे.

अशी तिहेरी संगती मराठीत अशक्य आहे काय? इतिहास तसे सांगत नाही. मुक्ताबाईंच्या नावावर असलेले ताटीचे अभंग हे एका लहान बहिणीने मोठ्या भावाला उद्देशून केलेले आहेत. भाऊ रुसून दार लावून बसला आहे आणि बहीण त्याला ते उघडावयास सांगत आहे. परंपरेने दिलेल्या सनांनुसार ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते, आणि मुक्ताबाई त्यांहून लहान. कर्तृत्वाविषयी संशोधकांत मतभेद असले तरी, हे शब्द या वयाच्या मुलीचे आहेत असे मानून मराठी समाजाने ते शतकानुशतके गाइले. येथे ‘तू’ बाहेर नाही. भावालाच उद्देशून बोलणे आहे, आणि तरी ते युगुलगीत नाही. आज्ञार्थ आहे, आणि त्यात लडिवाळपणाही आहे. आणि मुख्य म्हणजे ‘ताटी’ आहे. गरिबाघरचे कुडाचे ते दार. त्या एका शब्दाने घर, अंगण, गाव आणि गावाने केलेली उपेक्षा ही सर्व उभी राहतात. वय, वाणी आणि स्थळ यांचा मेळ आमच्या भाषेने सातशे वर्षांपूर्वी एकदा घालून दाखविला आहे.

या भावंडांचे सहप्रवासी असलेल्या नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा आमच्याच जिल्ह्यातील नरसीकडे बोट दाखविते. नामदेव पुढे उत्तरेस गेले, त्यांनी तेथील भाषेत पदे रचिली, आणि त्यांतील एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. दूर जाऊन परक्या श्रोत्यांशी बोलावयाचे तर आपले गाव भाषेतून पुसावे लागते, असे त्यांना वाटले नसावे; त्यांच्या त्या पदांतही विठ्ठलाचे नाव येते आणि शिंप्याची सुई-कात्री येते.

‘डिस्को दीवाने’ ही थोर कलाकृती आहे, असा निष्कर्ष या विवेचनातून काढू नये. तिची गीते एकसुरी आहेत, भावाचा वाटा बहिणीच्या मानाने थोडा आहे, आणि शब्दांना खोली नाही. तथापि, किशोरवयीन गायकाला पाठांतराच्या पलीकडे स्वतःची उक्ती असू शकते, हे तिने उपखंडातील श्रोत्यांना ऐकविले, आणि त्या श्रोत्यांनी ते मानले. मराठीच्या अभ्यासकांनी यातून एक काम अंगावर घ्यावयास हवे. आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची स्वतः जुळविलेली गाणी, मग ती कितीही मोडकी असोत, कोणत्याही बोलीतील वा बंजारा-दखनीतील असोत, जशी उच्चारली जातात तशीच ध्वनिमुद्रित करून लिप्यंतरित करावीत. प्रमाणलेखनाची दुरुस्ती करू नये. किती गाणी मिळतील, याचा अंदाज आज करता येत नाही. त्या विद्यार्थिनीला मात्र मी पहिले गाणे तिचेच आणावयास सांगितले आहे.